टाळूचा तुकडा न काढता दाताचं उघडं पडलेलं मूळ झाकता येतं का?

वाचकाचं पत्र

नमस्कार डॉक्टर. मी ४७ वर्षांची, कराड तालुक्यातल्या एका गावात शाळेत शिकवते. दोनेक वर्षांपासून माझे वरचे दोन्ही सुळे आणि त्यांच्या मागचे एक-दोन दात लांब दिसायला लागले आहेत. हिरडी वर सरकली आहे आणि पिवळसर मूळ दिसतं. थंड पाण्याने सणकन कळ जाते. आमच्या डॉक्टरांनी टाळूचं कातडं काढून तिथे लावावं लागेल असं सांगितलं, ते ऐकूनच पोटात गोळा आला. भावजयीने पुण्यातल्या एका दवाखान्याची जाहिरात पाठवली : सुईएवढ्या छिद्रातून, टाके नाहीत, कापाकापी नाही, सगळे दात एका बैठकीत. दुसरीकडे लेझरने हिरड्या वाढवून देतात म्हणे. आम्ही माळकरी, घरात अंडंसुद्धा येत नाही. या उपचारांत जनावराचं काही वापरतात का? लग्नापर्यंत मी मशेरी लावायचे, आता पेस्ट वापरते, पण ब्रश महिनाभरात पसरतो. आईचे सगळे दात गेले, तरी ती अजून मशेरी लावते. मुलगी नववीत आहे, तिला तारा लावायच्या आहेत आणि तिचीही खालच्या पुढच्या दातांची हिरडी पातळ दिसते. मी काय करू?

उत्तर

ताई, नमस्कार.

मुख्य प्रश्नाचं उत्तर आधी देते. टाळूला हात न लावता मूळ झाकण्याच्या पद्धती आहेत, त्या खऱ्या आहेत आणि काही रुग्णांना त्या चांगल्या लागू पडतात. मात्र तुम्हाला त्या लागू पडतील का, हे छिद्र किती बारीक आहे त्यावर ठरत नाही. हिरडी कशामुळे सरकली, ती किती जाड आहे आणि दोन दातांच्या मधलं हाड शाबूत आहे का, यावर ते ठरतं. जाहिरातीत यातलं एकही विचारलेलं नसतं. शिवाय तुम्हाला आत्ता शस्त्रक्रियेची गरजच नसेल, ही शक्यताही धरून चला.

दाताचा जो भाग तोंडात दिसायला हवा त्यावर इनॅमलचं कठीण कवच असतं. मुळावर ते नसतं. तिथे सिमेंटमचा अगदी पातळ थर असतो, आणि घासून घासून तो गेला की खालचं डेंटिन उघडं पडतं. डेंटिनमध्ये असंख्य सूक्ष्म नळ्या आहेत आणि त्यांत द्रव असतो. थंड पाणी लागलं की तो द्रव हलतो, आतल्या नसेला ते कळतं आणि तुम्हाला सणक जाते. म्हणजे कळ येते याचा अर्थ दात किडला असा नाही. पण उघडं मूळ इनॅमलपेक्षा लवकर किडतं, म्हणून दुर्लक्षही करायचं नाही.

आणि एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगते. मोठ्या माणसात मुळावरून सरकलेली हिरडी कुठल्याही पेस्टने, तेलाच्या गुळण्यांनी, हळद-मिठाच्या मालिशने किंवा गोळीने परत जागेवर येत नाही. या गोष्टींनी सूज कमी होईल, तोंड स्वच्छ वाटेल, इतकंच.

आता तुमची हिरडी का सरकली असेल? पत्रावरून निदान करता येत नाही, तरी तुम्ही लिहिलेलं चित्र ओळखीचं आहे. सुळे जबड्याच्या वळणावर, इतर दातांपेक्षा थोडे बाहेर असतात. त्यांच्या बाहेरच्या बाजूचं हाड अनेकांत कागदासारखं पातळ असतं, काही ठिकाणी नसतंच. तिथे आडवा, जोराने ब्रश फिरला की हिरडी मागे हटते. तुमचा ब्रश महिन्यात पसरतो, यातच बरंच काही आलं. आरशात नीट बघा. उजव्या हाताने घासणाऱ्या अनेकांत डावीकडे जास्त झीज दिसते. मशेरीचंही आहे. तंबाखूतल्या निकोटिनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि बोटाने रगडून लावायच्या सवयीने हिरडीला मार बसतो तो वेगळाच. मशेरी सुटली तरी जोरात घासल्याशिवाय दात साफ वाटत नाहीत, ही सवय हाताला राहते. मशेरी सोडून पेस्टकडे आलेल्या कितीतरी बायकांच्या तोंडात मी हे पाहिलं आहे.

दुसरी शक्यता पायोरियाची. त्यात दातांना धरून ठेवणारं हाडच खचतं आणि हिरडी त्याच्यामागोमाग जाते. यातला फरक ढोबळपणे घरीही कळतो. दोन दातांच्या मध्ये हिरडीचं जे त्रिकोणी टोक असतं ते भरलेलं आहे का बघा. फक्त दाताच्या बाहेरच्या अंगाला हिरडी वर गेली असेल आणि मधली टोकं जागेवर असतील तर बातमी चांगली आहे. टोकंही बसली असतील, तिथे काळ्या फटी दिसत असतील, घासताना रक्त येत असेल, दात हलत असतील, तर आधी पायोरियाचा उपचार. मूळ झाकण्याचा विषय त्यानंतर.

आम्ही हिरडीतज्ज्ञ जे वर्गीकरण करतो ते याच गोष्टीवर उभं आहे. आधी १९८५ सालचं मिलर यांचं होतं. आता इटलीच्या कैरो यांनी २०११ मध्ये मांडलेलं जास्त वापरतात आणि त्यात तीनच गट आहेत. पहिल्या गटात दातांमधला आधार शाबूत असतो, तिथे मूळ पूर्ण झाकलं जाण्याची आशा धरता येते. दुसऱ्यात मधला आधार थोडा गेलेला असतो, तिथे पूर्ण झाकलं जाणं काहींच्याच वाट्याला येतं. तिसऱ्यात मधली हानी बाहेरच्यापेक्षाही जास्त असते, आणि तिथे पूर्ण झाकण्याचं वचन कोणी देत असेल तर सरळ उठून या. कारण साधं आहे. उघड्या मुळाला स्वतःचं रक्त नसतं. त्यावर आणलेली हिरडी जगते ती आजूबाजूच्या हाडातून आणि हिरडीतून मिळणाऱ्या रक्तावर. खडकावर टाकलेली माती जशी कडेच्या ओलीवर तग धरते, तसं ते आहे. कडाच कोरड्या असतील तर छिद्र सुईएवढं असो की चाकूएवढं, उपयोग नाही.

म्हणून पहिली पायरी मोजमापाची. हिरडीतज्ज्ञ, म्हणजे पेरिओडॉन्टिक्समध्ये एमडीएस केलेले डॉक्टर, खुणा असलेली बारीक सळई हिरडीच्या कडेने आत सरकवून प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खोली मोजतात. १ ते ३ मिलिमीटर ठीक. त्याहून खोल आणि रक्त येत असेल तर कप्पा झालाय असं समजायचं. मूळ किती मिलिमीटर उघडं आहे तेही मोजून लिहितात, फोटो आणि एक्स-रे काढतात. ती सळई आत असताना हिरडीतून आरपार दिसली तर हिरडी पातळ आहे. हा कागद मागून घ्या आणि जपून ठेवा. सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा मोजलं आणि आकडा तोच असला, कळ थांबलेली असली आणि हसताना तुम्हाला ते खटकत नसलं, तर मी अशी मुळं तशीच सोडून देते. सगळ्यात कमी कापाकापीचा उपचार तोच असतो.

तोवर तीन महिने मात्र मन लावून हे करा. मऊ किंवा अतिमऊ ब्रश घ्या. तो मुठीत न धरता पेन धरता तसा बोटांत धरा, म्हणजे जोर लावताच येत नाही. केस हिरडी आणि दाताच्या सांध्यावर तिरपे टेकवा, जागच्या जागी हलके हलवा आणि मग हिरडीकडून दाताच्या टोकाकडे वळवून घ्या. वरच्या दातांना वरून खाली, खालच्यांना खालून वर. आडवं घासणं पूर्ण बंद. राखुंडी, मीठ, कोळशाची पूड, खरखरीत लाल मंजन, काहीही उघड्या मुळावर रगडू नका. लिंबू सरबत, कोकम, चिंचेचं सार किंवा थंडपेय घेतलं तर आधी साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्ध्या-पाऊण तासाने ब्रश करा. आंबटाने मूळ काही वेळ मऊ पडलेलं असतं.

कळ थांबवणाऱ्या पेस्टमध्ये पोटॅशियम नायट्रेट, स्टॅनस फ्लोराइड, आर्जिनिन किंवा कॅल्शियम सोडियम फॉस्फोसिलिकेट यांपैकी काहीतरी असतं. पाकिटाच्या मागे बघून घ्या. पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट परिणाम दाखवायला दोन ते चार आठवडे घेते. चार दिवसांत फरक नाही म्हणून ती टाकून देऊ नका. घासून झाल्यावर फेस थुंका, पण लगेच खळखळून चूळ भरू नका. औषध दातावर राहू द्या. एवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर मुळावर फ्लोराइडचं व्हार्निश लावतात. दहा मिनिटांचं काम, ना सुई ना भूल.

दाताच्या मानेशी, जिथे हिरडी संपते तिथे, नख अडकेल अशी खाच पडली असेल तर फिलिंगने कळही थांबते आणि झीजही. पण पुढे मूळ झाकायचा विचार असेल तर फिलिंग करण्याआधीच हिरडीतज्ज्ञाला दाखवा. नवी हिरडी जिथे बसायला हवी तिथपर्यंत फिलिंग भरून ठेवलं की पुढचं काम अवघड होतं. हे आधी ठरवायचं असतं आणि नेमकं हेच राहून जातं.

आणि कीटण असेल तर दात साफ करून घ्या. 'साफ केल्याने फटी पडतात, दात हलतात' हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं आणि त्यापायी माणसं दात गमावतात. फटी कीटणानेच पडलेल्या असतात. कीटण काढलं आणि सूज उतरली की त्या दिसायला लागतात.

आता शस्त्रक्रियेकडे येते. समजा, मोजमापात झीज वाढतेय असं दिसलं किंवा कळ थांबेना.

तुम्ही ज्याला घाबरलात ते आधी. 'टाळूचं कातडं काढणं' या शब्दांखाली दोन वेगळ्या शस्त्रक्रिया येतात. १९६० च्या दशकापासून चालत आलेल्या जुन्या पद्धतीत टाळूचा वरचा थर सोलून घेतात आणि तिथे उघडी जखम राहते. ती दुखते, तिखट लागलं की डोळ्यांत पाणी आणते. गावात ज्या कहाण्या ऐकू येतात त्या बहुतेक हिच्या. खालच्या पुढच्या दातांपाशी घट्ट हिरडी उरलीच नसेल तर ती आजही उपयोगाची आहे. तुमच्या वरच्या सुळ्यांसाठी मात्र बहुधा दुसरी सुचवली असेल. १९८५ मध्ये लँगर यांनी वर्णन केलेल्या या पद्धतीत टाळूचा वरचा थर उचलून, त्याच्या खालचा साधारण १ ते १.५ मिलिमीटर जाडीचा संयोजी ऊतीचा (आतल्या चिवट मांसल थराचा) पट्टा काढतात आणि वरचा थर परत जागेवर टाकून शिवतात. नंतर तर एकाच छेदातून हा पट्टा काढायची पद्धत आली. दुखतं, पण मुख्यतः पहिले काही दिवस, आणि गोळ्यांनी आटोक्यात राहतं. टाळूवर बसवायची पातळ प्लेट आधीच बनवून घेतली तर खाताना त्रास आणखी कमी. तुमच्या डॉक्टरांना विचारा : यातली कुठली?

तो पट्टा लावण्याची रीतही बदलली आहे. पूर्वी हिरडीला दोन्ही बाजूंना उभे छेद देऊन ती पडद्यासारखी उघडत. आता बोगदा पद्धतीत दातांमधली टोकं न कापता, उभा छेद न देता, बारीक उपकरणांनी हिरडी आतून सैल करतात, तिच्याखाली पट्टा सरकवतात आणि केसाहून बारीक धाग्याने वर बांधतात. टोकं न कापल्याने रक्तपुरवठा टिकतो, व्रण दिसत नाही, शेजारचे तीन-चार दात एकदम घेता येतात. भिंग किंवा सूक्ष्मदर्शक लावून केलं तर आणखी नेटकं होतं. याच्याच जवळची एक पद्धत कॅलिफोर्नियातल्या झादे यांनी २०११ मध्ये मांडली. त्यात ओठाच्या आतल्या घडीजवळ एक छोटा छेद देऊन तिथून बोगदा करतात. म्हणजे टाळूचा पट्टा घेऊनही शस्त्रक्रिया कमीत कमी कापाकापीची होऊ शकते.

जाहिरातीतली आहे ती पिनहोल पद्धत. कॅलिफोर्नियाचेच डॉक्टर जॉन चाओ यांनी ती काढली आणि २०१२ मध्ये तिचे निकाल प्रसिद्ध केले. हिरडीच्या वरच्या मऊ भागात २-३ मिलिमीटरचं छिद्र करतात, त्यातून खास वाकडी उपकरणं घालून हिरडी हाडापासून सोडवतात, मुळावर सरकवतात आणि ती तिथेच राहावी म्हणून दातांमधल्या टोकांखाली कोलॅजनच्या बारीक पट्ट्या भरतात. त्या शोधनिबंधात ४३ रुग्णांच्या १२१ जागा होत्या, सरासरी दीड वर्ष पाहिलेल्या, आणि उघड्या मुळाचा सरासरी ८८ टक्के भाग झाकला गेला होता. हे निकाल चांगले आहेत, मी ते हलके लेखत नाही. टाळूची जखम नाही, दुखणं कमी, अनेक दात एका वेळी, हे फायदेही खरे.

पण त्या आकड्यांमागे पद्धत शोधणाऱ्याचे स्वतःचे रुग्ण आहेत आणि शेजारी तुलनेला दुसरा गट नव्हता. टाळूच्या पट्ट्याबद्दल अनेक देशांतल्या, वर्षानुवर्षं पाहिलेल्या, तुलना करून तपासलेल्या अभ्यासांचा साठा आहे. अमेरिकेतल्या पेरिओडॉन्टॉलॉजी अकादमीने २०१५ मध्ये हे सगळे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हाही मूळ झाकण्यासाठी त्याच पट्ट्याचा निकाल सर्वांत भरवशाचा ठरला. दुसरं, 'कापाकापी नाही' हे तितकंसं खरं नाही. छेद बाहेरून दिसत नाही, पण आतून हिरडी बऱ्याच रुंद भागात सोडवलेली असते, आणि दोन-तीन दिवस गाल सुजणं साहजिक आहे. तिसरं माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. पातळ हिरडी सरकवून खाली आणली तरी ती पातळच राहते, कोलॅजनने थोडा फरक पडतो तेवढाच. टाळूचा पट्टा हिरडीला जाडी देतो, आणि पुढची वीस वर्षं ब्रशच्या माऱ्यापुढे ती जाडीच टिकते.

आता तुमचा माळेचा प्रश्न. तो विचारलात हे फार बरं केलं. डॉक्टरांनी स्वतःहून हे सांगायला हवं, पण बऱ्याचदा सांगत नाहीत. हो, जनावराचं वापरतात. कोलॅजनच्या पट्ट्या आणि पडदे गाय-बैलाच्या किंवा डुकराच्या ऊतीपासून बनतात, माशापासून बनवलेलेही मिळतात. मुळावर लावायचं इनॅमल प्रथिनांचं एक जेल आहे, ते डुकराच्या पिलांच्या वाढत्या दातांपासून काढतात. टाळूऐवजी वापरायचा तयार पडदा काही वेळा दान केलेल्या मानवी त्वचेचा असतो. टाक्यांचा कॅटगट धागासुद्धा प्राण्याच्या आतड्याचा, आणि औषधाच्या कॅप्सूलचं जिलेटिनही प्राणिजन्य असू शकतं. धाग्याला कृत्रिम पर्याय सहज मिळतो, कॅप्सूलऐवजी बरेचदा गोळी देता येते. फक्त आधी सांगायला हवं.

उरतात दोन गोष्टी, ज्यांत परकं काहीच नाही. एक, तुमच्याच टाळूचा पट्टा. दुसरी, तुमच्याच रक्तापासून बनवलेला पीआरएफचा, म्हणजे प्लेटलेट भरपूर असलेल्या फायब्रिनचा पडदा. फ्रान्समध्ये २००१ च्या सुमारास ही पद्धत पुढे आली. हातातून थोडं रक्त घेऊन तिथल्या तिथे यंत्रात फिरवतात आणि त्यातून चांगला पकडता येईल असा पिवळसर गोळा मिळतो, तो दाबला की पडदा होतो. जखम भरायला तो मदत करतो, पण जाडी देण्यात टाळूच्या पट्ट्याची बरोबरी करत नाही. म्हणजे ताई, ज्या उपायाला तुम्ही घाबरलात तोच तुमच्या माळेला कुठेही बाध आणत नाही, आणि पातळ हिरडीसाठी तोच जास्त टिकाऊ आहे. तुमच्या मोजमापात पहिला गट आणि पातळ हिरडी निघाली, तर माझं मत एका वेळी एक बाजू, बोगदा पद्धत आणि टाळूच्या आतला पट्टा असंच राहील. हिरडी जाड निघाली तर टाळूला हात न लावता, आहे तीच हिरडी सरकवून काम भागू शकतं. मग पिनहोलवालेही चालतील, फक्त पट्टी कशाची ते लेखी विचारा, डॉक्टरांनी या पद्धतीचं प्रशिक्षण घेतलंय का ते विचारा, आणि त्यांच्या स्वतःच्या रुग्णांचे वर्षभरानंतरचे फोटो मागा. लगेचचे फोटो सगळ्यांचेच छान असतात.

लेझरबद्दल थोडक्यात. लेझरने हिरडी कापता येते, कप्प्यांच्या उपचारात तो वापरतात, मुळाची कळही काही जणांत कमी होते. उघड्या मुळावर हिरडी वाढवणं त्याला येत नाही. त्यासाठी पैसे देऊ नका.

शस्त्रक्रिया ठरलीच तर दिवाळीची किंवा मेची सुट्टी धरा. पहिला आठवडा वर्गात ओरडून शिकवणं जमणार नाही. वारीला जात असाल तर निघण्याआधी निदान दोन महिने हे उरकलेलं असू द्या. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी निघतात. त्या जागी दोन-तीन आठवडे ब्रश लावायचा नसतो, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या गुळण्या करायच्या. त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात, ते नंतर साफ होतात. मऊ वरणभात, दहीभात, गार झालेली खिचडी खा. भाकरी, शेंगदाणे, तिखट काही दिवस बाजूला. आणि ओठ उचलून आरशात बघण्याचा मोह आवरा. चांगली बसलेली हिरडी त्या ओढण्याने निसटते. रक्त पातळ करणारी किंवा हाडांच्या ठिसूळपणाची औषधं चालू असतील तर आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका. खरा निकाल सहा महिन्यांनी मोजायचा.

खर्चाबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण मनात असेलच. दंत महाविद्यालयांच्या हिरडी विभागात हेच उपचार प्राध्यापकांच्या देखरेखीखाली पदव्युत्तर विद्यार्थी करतात. वेळ जास्त लागतो, पैसे बरेच कमी, आणि मोजमाप-फोटोंची नोंद बहुतेक खासगी दवाखान्यांपेक्षा कसून ठेवतात. तुमच्या कराडलाच दंत महाविद्यालय आहे. सरकारी महाविद्यालयं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत.

आईंबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. दात गेले म्हणून मशेरीचा धोका गेला असं नाही. ती भाजलेली तंबाखू आहे, आणि आता ती थेट हिरडीवर आणि गालाच्या आत बसते. दंतमंजनात तंबाखू घालायला सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीला कोण अडवणार? या आठवड्यातच त्यांचं तोंड उजेडात बघा. गालाच्या आत, जिभेच्या कडेला, हिरडीवर पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड कमी उघडणं, यातलं काहीही दिसलं तर तुमचे सुळे बाजूला ठेवा आणि आधी त्यांना दाखवा. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११२-३५६ हा तंबाखूमुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक मोफत आहे. रागावू नका त्यांच्यावर. चाळीस-पन्नास वर्षांचं व्यसन आहे ते, हट्ट नाही.

आणि लेक. पातळ हिरडी आईकडून मुलीकडे येते, त्यामुळे तुमचं निरीक्षण बरोबर असू शकतं. पातळ असणं हा आजार नव्हे. नुसती पातळ असेल, सरकलेली नसेल, तर तिला ब्रश धरायला शिकवा आणि पुढे चला. वाढत्या वयात खालच्या एखाद्या दाताची थोडी सरकलेली हिरडी, दात नीट जागी आले आणि स्वच्छता सांभाळली, तर काही मुलांत आपोआप सुधारते, म्हणून घाई नको. मात्र तारांनी खालचे पुढचे दात बाहेरच्या बाजूला ढकलायचे असतील तर ते हाडाच्या पातळ भिंतीबाहेर जाऊ शकतात आणि हिरडी तिथे हटते. तारा लावणाऱ्या डॉक्टरांना नेमकं एवढंच विचारा : खालचे पुढचे दात कुठल्या दिशेने आणि किती हलवणार? उत्तर 'पुढे' असेल तर तारा लावण्याआधी एकदा हिरडीतज्ज्ञांकडून तिथली जाडी तपासून घ्या. काही मुलांना तारांआधीच तिथे जाडी वाढवून घ्यावी लागते, बहुतेकांना नाही. आणि तारा असेपर्यंत दर तीन महिन्यांनी त्या चार दातांचा एक जवळून फोटो मोबाइलवर काढून ठेवा. हिरडी हटायला लागली तर तो फोटो घेऊन त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.